तुमची पेटी, माझं कपाट

अहो, आधी आपलं भांडण पुरं करू. रडणं मागाहून. रडायला माणसांची कमी नाही. अजूनही रोज कोणी ना कोणी येतं, माझ्या गळ्यात पडून रडतं, चहा घेतं आणि जातं. तुमच्याशी भांडायला मात्र जगात मी एकटीच आहे, आणि ते काम असं अर्धवट टाकून निघून जायची रीत नाही.

तुम्ही आता जिथे आहात तिथे तुम्हाला बरं वाटत असणार, याबद्दल मला शंका नाही. तिथल्या तयारीतच तर तुमचा जन्म गेला. बुलढाण्याच्या आपल्या छोट्याशा मंडळीत सगळे म्हणायचे, शांतवन मास्तरांचं सामान केव्हाचं बांधून झालंय. खरंच होतं ते, फक्त त्या बांधलेल्या सामानात सामान म्हणून काही नव्हतं. रविवारी उपासना सुटली की चर्चच्या पायरीवर उभं राहून तुम्ही कोणालाही धरून विचारायचात, "काऊन बे, तारण भेटलं ना तुले? मंग अजून काय पायजे?" समोरचा हसून मान डोलवायचा आणि घरी जाऊन आपल्या कपाटाला कुलूप घालायचा.

माझ्या कपाटाला कुलूप कधीच नव्हतं. तरी ते तुम्हाला कोणाला देऊन टाकता आलं नाही. आता तुम्ही गेल्यावर मी ते मोडलं, स्वतःच्या हुकमानं, आणि त्यापायी तुमच्या धाकट्या भावापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी मला वेड्यात काढलंय. लोकांना काय सांगायचं ते सांगीन मी सवडीनं. आधी तुम्हाला सांगते.

त्या कपाटाची कुळकथा तुम्हाला तोंडपाठ आहे, तरी ऐका. माझे बाबा नांदुऱ्याला रेल्वेत गँगमन. रुळाखालचे जुने लाकडी स्लीपर काढून सिमेंटचे टाकायला सुरुवात झाली, तेव्हा निघालेल्यातलं थोडं सागवान त्यांनी रीतसर विकत घेतलं आणि आरा मशीनवर चिरून आणलं. रुळाचे खिळे जिथे ठोकलेले होते तिथे भोकं होती. ती बाबांनी लाकडाच्या गोल चकत्या बसवून बुजवली. दोन दारं, आत फळ्या, डाव्या दाराला आतून आरसा. स्वतः आयुष्यभर एका पत्र्याच्या ट्रंकेत संसार ठेवलेला माणूस, पण आईला म्हणाला, "माह्या पोरीचे लुगडे खुंटीवर नाई लटकणार." आपल्या लग्नानंतर ते कपाट ट्रकमध्ये घालून राजूरचा घाट चढून आलं, आणि बाबा मागच्या बाजूला त्याला धरून बसून आले. उतरले तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. तुम्ही कपाटाला हात लावून म्हणालात, "लाकूड चांगलं आहे, मामा, पन माणसानं याच्यात जीव नाई अडकवला पायजे." नव्या जावयाचा हा पहिला उपदेश. बाबा नुसते हसले. मी नाही हसले.

मग तुमचा सपाटा सुरू झाला. छताचा पंखा गेला, कारण कोणाच्या तरी घरी बाळंतिणीला उकडत होतं. पाहुण्यांची गादी गेली. माझी पितळी परात हरवली असं मी कितीतरी दिवस समजत होते, ती मला एका लग्नात दिसली, कणीक मळायला लावलेली, आणि मळणारी बाई मलाच सांगते, "मास्तरानं देल्ली जी." शाळेत तुम्ही पोरांना सगळा हिशेब शिकवायचात, पण घरातला हिशेब एकाच क्रियेत उरकायचात, वजाबाकीत. पाहुणा दारात दिसला की मी आधी घरात बसायला काय उरलंय ते बघायची. आपला आशिष लहान असताना शेजाऱ्यांना जाऊन सांगायचा, "आमचे बाबा घर वाटून राह्यले."

पुढे गावाच्या बाहेरच्या अंगाला आपण दोन खोल्या बांधल्या, तोवर मी शहाणी झाले होते. भिंती उभ्या राहिल्या होत्या, दाराची चौकट बसायची होती. मी मजुरांना चहा पाजला आणि कपाट आत नेऊन भिंतीशी उभं करवून घेतलं. मग चौकट बसली. साधी, अरुंद, तुमच्याच आवडीची. त्या चौकटीतून ते कपाट पुन्हा बाहेर निघणं शक्य नव्हतं.

तुम्हाला हे कळलं तो दिवस आठवतो ना? मंडळीतल्या एका बिनआईबापाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि तुम्ही चांगले धट्टेकट्टे गडी घेऊन आलात. मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. त्यांनी कपाट उभं धरलं, आडवं धरलं, तिरकं धरलं. घामाघूम झाले बिचारे. शेवटी तुम्ही चौकटीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"सुमन, हे तू मुद्दाम केलं काय व?"

"हाव," मी म्हटलं. "आता द्या कोणाले द्यायचं ते. घरासकट द्या."

तुम्ही उंबऱ्यावर बसलात आणि इतके हसलात की डोळ्यांत पाणी आलं. त्या मुलीला मग मी माझ्या चांगल्यातल्या दोन साड्या दिल्या आणि तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून दिलंत. पण उठता उठता टोला हाणलातच. "ठेव मंग उरावर. वाळवी लागन त्याले एक दिवस, तवा समजन तुले."

"माह्या बापानं आणलेल्या लाकडाले वाळवी? पाहू कोणाच्या चिजेले लागते ते."

इथून आपलं भांडण जे सुरू झालं ते पुढे लोणच्यासारखं मुरत गेलं. कपाटातून तुमचा सदरा काढून देताना मी मुद्दाम दार जोरात वाजवायची. तुम्ही फळीवर बोट फिरवून बोटाकडे बघायचात, भुगा लागलाय का म्हणून. कधी लागला नाही.

तुमचं म्हणणं मला पाठ होतं. तारण आपल्याला फुकट मिळालं, कारण त्याचं मोल दुसऱ्यानं आपल्या रक्तानं भरलं. ज्याला एवढं मोठं फुकट मिळालं त्यानं बारक्यासारक्या वस्तू मुठीत धरून बसणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. आणि मूठच आवळलेली असली तर घेणार कशात? हे तुम्ही इतक्या साध्या तोंडानं सांगायचात की ऐकणाऱ्याला आपल्या खिशातल्या रुमालाचीही लाज वाटावी.

माझं म्हणणं मात्र तुम्ही कधी नीट ऐकून घेतलं नाहीत. आता ऐका, आता मध्ये बोलता येणार नाही तुम्हाला. मीही तुमच्याशेजारीच गुडघे टेकलेत. मलाही तारण हवं होतं, आणि ते मला मिळालंय हे मला ठाऊक आहे, त्यासाठी कोणाच्या चिठ्ठीची गरज नाही. पण माझ्या बापानं हाताला फोड येईतो घासलेलं लाकूड तुम्ही पंख्याच्या आणि परातीच्या रांगेत बसवलंत, ते मला मान्य नव्हतं आणि आजही नाही. देवानं माणसाला हात दिले ते नुसते देऊन टाकायला नाही दिले. काही घडवायलाही दिलेत. प्रेमानं घडवलेली वस्तू जपणं हा जर लोभ असेल, तर मी लोभी आहे, आणि न्यायाच्या दिवशी उभं राहून तसं सांगीन. तुम्ही साक्षीला या.

तरी एक गोष्ट राहून राहून आठवते. बाबा वारले, आपण नांदुऱ्याहून माती करून परत आलो, त्या दिवशी दुपारी मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेले होते. परत येते तो तुम्ही खोबरेल तेलाचं फडकं घेऊन कपाट पुसत होतात. फळी फळी करून. त्या गोल चकत्यांपाशी तर अंगठ्यानं घोळवून घोळवून. मी तशीच मागे फिरले आणि घागर घेऊन उगीच ओट्यावर बसून राहिले. हे तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही बोलले नाही. आज बोलते. त्या दिवशी मला तुमचा फार आधार वाटला. आणि हेही लिहून ठेवते, की तुमच्या त्या रिकाम्या घरात मला एकदाही उपरं वाटलं नाही.

सगळ्या भांडणात एकाच बाबतीत मी पहिल्यापासून तुमच्या बाजूची होते. ती म्हणजे पेटी. आपल्यात माणसाला पेटीत घालून पुरायची रीत, आणि पेटी म्हटली की तिचा थाटही आलाच. वडनेर भोलजीचे येसूदास काका वारले तेव्हा आपण दोघं बसनं गेलो. शेतमजुरी करणारा माणूस. त्याच्या थोडं आधी आपण इथे गावात एक बड्या घरची मयत पाहिली होती. पितळी कड्या, आतून मखमल, आणि लोक गेलेल्या माणसापेक्षा पेटीकडेच बघत होते. येसूदास काकांना बाजेवर ठेवलेलं. त्यांची बायको काशीबाई नवऱ्यासाठी रडायचं सोडून आल्यागेल्याची माफी मागत होती. "पेटी नाई जमली जी मास्तर. तसंच न्या लागते. लोकं काय म्हनतीन?"

तुम्ही तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसलात. "काशीबाई, येसूदास आता ज्याच्याकडं चालला ना, त्याची कबरबी उसनीच होती. क्रूसावरून उतरवल्यावर दुसऱ्यानं देल्ली होती. त्याले समजते सारं."

काशीबाई तुमच्याकडे बघत राहिली आणि मग तिला रडू फुटलं, खरं, नवऱ्यासाठीचं.

परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीतून बाहेर बघत बसलात. पुढच्या रविवारी मात्र मंडळीपुढे उभे राहिलात. सगळ्यांसाठी एकच पेटी करायची, मंडळीची पेटी. मजूर असो की साहेब, तिच्यातूनच कबरस्थानात जायचं, तिथे चादरीत घालून मातीत उतरायचं, आणि पेटी परत आणून चर्चच्या मागच्या खोलीत ठेवायची, पुढच्यासाठी. पुष्कळांनी घसे खाकरले. "उसन्या पेटीत कोन जाते जी?" असं मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालंही. तरी पेटी झाली. प्लायवुडची, काळा रंग दिलेली. आतलं पांढरं आवरण मी शिवलं. पुढे काशीबाई स्वतः त्या पेटीतून गेली, आणि तिच्या माघारी कोणाला माफी मागावी लागली नाही.

नंतर दिवस पालटले. पोरं पुण्यामुंबईला नोकरीला लागली, पॉलिश केलेल्या तयार पेट्या गाडीत घालून येऊ लागल्या, आणि मंडळीची पेटी मागच्या खोलीत पडून राहिली. तुम्ही तेव्हाच मला आणि आशिषला बजावून ठेवलंत. मला तिच्यातूनच न्या. वरती संगमरवर बसवू नका. ढोलकीवर गीतं म्हणा, आणि जेवायला बसवाल त्यांना पोटभर वाढा.

आता दवाखान्यातली ती दुपार. याच वाक्यापाशी मला यायचं होतं. तुम्हाला धाप लागत होती, पण चेहरा असा की जणू शाळेला सुट्टी लागलीय. माझ्याकडे वळून म्हणालात, "सुमन, रिकाम्या हातानं जाऊन राह्यलो. लय बरं वाटून राह्यलं."

तेवढ्यात नर्स आली आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. मी परत आत आले तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते आणि ते पुन्हा उघडले नाहीत. त्यामुळे माझं उत्तर राहून गेलं. उत्तर असं होतं: रिकाम्या हातानं? अहो, मग तुमच्या हातात होता तो काय होता? मी बाजूला बसले होते, माझा हात तुमच्या मुठीत होता, चांगला घट्ट, बोटं दुखेपर्यंत, आणि तुम्ही खुशाल म्हणता रिकाम्या हातानं! पंख्याचा, गादीचा, परातीचा मिळून मला जेवढा राग आला नसेल तेवढा त्या एका वाक्याचा आला. अजून आहे.

तुम्हाला घरी आणलं. मंडळीतले दोघं पेटी आणायला गेले आणि खालमानेनं परत आले. मागच्या खोलीत ती खाली जमिनीवर, मातीच्या भिंतीला लावून ठेवलेली. तिला झाडायला कोणी जातच नसे. 'आम्ही मरणाला भीत नाही' असं दर रविवारी खड्या आवाजात गाणाऱ्या आपल्या बायका, पण त्या पेटीला झाडू लागला तर मरण घरी येतं असं सगळ्यांच्या पोटात. उचलायला गेले तर कड्या हातात आल्या आणि तळ जमिनीवरच राहिला. वाळवी लागली होती. आतून पार भुगा.

ऐकलंत ना? वाळवी. तुमच्या पेटीला. एवढी वर्षं माझ्या कपाटाला जिची धमकी दिलीत ती तुमच्याच पेटीत निवांत जेवत बसली होती. तुम्ही समोर पांढऱ्या चादरीत झोपलेले, आणि मला, खरं सांगते, हसू आलं. मी पदर तोंडात कोंबला. बायकांना वाटलं मला हुंदका आवरत नाही, त्या आणखी मोठ्यानं रडू लागल्या.

मग सुरू झाली घाई. आशिष बिचारा सगळीकडे फोन लावत होता. "आई, अकोल्याला तयार पेटी आहे. चांगली आहे. बोलावून घेतो." दाऊद भाऊजींनी त्याला जोर दिला. "घे बोलावून. अन् ते पेटी वापस आनाचं वगैरे आता काई नाई. माहा भाऊ काय भिकारी होता काय व वहिनी, उसन्या पेटीत जायले?"

आपल्या चर्चचे पाळकसाहेब वयानं लहान, स्वभावानं गरीब. तेही समजुतीनं म्हणाले, "बाई, पेटी चांगली असली म्हणून बिघडलं काय? मास्तरांचं तारण काही पेटीवर अवलंबून नाही."

"नाही ना?" मी म्हटलं. "मग पितळी कड्या कशाला?" आणि भाऊजींकडे वळले. "भाऊजी, तुमचा भाऊ आता ज्याच्याकडं चालला ना, त्याची कबरबी उसनीच होती."

तुमचंच वाक्य. तुमच्या माघारी ते वापरायचा पहिला हक्क माझा आहे. पण आशिष म्हणाला, "आई, ते सगळं खरं. पण मंडळीची पेटीच उरली नाही. बाबांना नेणार कशात?"

मी कपाटाकडे पाहिलं. मला कसली वाणी ऐकू आली नाही, अंगावर काटा आला नाही. मला एवढंच दिसलं, की तुमचा शब्द खाली पडतोय, आणि तो उचलायला घरात एकच वस्तू आहे, जी तुम्ही देऊ शकला नव्हतात. मी म्हटलं, "सलीम मिस्त्रीले बोलवा."

सलीम मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन आले. कपाटाची दोन्ही दारं उघडून त्यांनी आत डोकावलं, फळीवर बोटानं ठोकून पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवली. "चाची, अशी चीज आता भेटत नाई. मी दुसरं लाकूड आनतो, घंट्याभरात पेटी ठोकून देतो. याले हात नका लावू."

"मिस्त्री, हे दारातून निघत नाई. तोडल्याबिगर बाहेर जानार नाई."

"म्हनून तोडाचं?"

"म्हनून नाई. मंडळीची पेटी कराची आहे याची. एकट्या मास्तराची नाई, साऱ्याइची. उंच माणूस मावला पायजे, जाडा मावला पायजे." भाऊजींच्या पोटाकडे नजर गेली. "अजून थोडी रुंद करा."

त्या घरात तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी उघड हसलं. भाऊजीच होते ते, रडता रडता.

कपाट मी एकटीनं रिकामं केलं, कोणाला हात लावू दिला नाही. साड्या, तुमचा लग्नातला कोट, आशिषचं झबलं, बाबांचा मफलर. सगळं पलंगावर ठेवलं. मला वाटत होतं, पहिली फळी निघेल तेव्हा माझी छाती फुटेल. नाही फुटली. हलकं वाटलं. तुम्ही पायरीवर उभं राहून ज्या हलकेपणाच्या गोष्टी सांगायचात, तोच तो. मी बरोबर ओळखला. आणि त्याचाच मला भयंकर राग आला, कारण ते बघायला तुम्ही जागे नव्हतात.

आरसा तेवढा मी ठेवून घेतला. पेटीला आरसा लागत नाही.

पेटी झाली. रंग नाही, पॉलिश नाही, मखमल नाही. झाकणाच्या फळीत बाबांच्या गोल चकत्यांतल्या दोन आल्या, नेमक्या तुमच्या छातीच्या वर. आत डांबराच्या गोळ्यांचा आणि माझ्या साड्यांचा वास होता. आयुष्यभर खुंटीला सदरा टांगायच्या बाता करणारा माणूस शेवटी माझ्या कपाटातून निघाला, आणि त्याच अरुंद चौकटीतून, अगदी सहज. पाळकसाहेब तुमच्या हातात लाकडी क्रूस ठेवायला पुढे झाले तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या. त्यांना रिकामेच हवे होते." ते मागे सरले. मग चादरीची घडी तुमच्यावर पडेपर्यंत मी माझा हात तुमच्या हातात ठेवला.

कबरस्थानात ढोलकी वाजली, तुमची आवडती गीतं झाली. आशिष कबरीत उतरला आणि त्यानं तुम्हाला खालून झेललं. चादरीचं एक टोक दाऊद भाऊजींनी धरलं होतं, आणि माती झाली तरी ते ती मूठ तशीच आवळून उभे होते. तुम्ही मातीत राहिलात, आणि पेटी त्याच खांद्यांवरून परत निघाली. वाटेत पानटपरीवरचा एक माणूस दुसऱ्याला विचारताना मी ऐकला, "काऊन बे, मयत वापस आनली काय?" तुम्ही असतात तर तिथेच थांबून त्याला तारणाची गोष्ट सांगत बसला असतात, आणि पेटी उचलणाऱ्यांचे खांदे मोडले असते.

आता लोक बोलतात. शेजारच्या काकू माझ्या तोंडावर म्हणाल्या, "एवढं सागवान मोडलं, अन् नवऱ्याले ठेवलं मातीतच." हो, मातीतच ठेवलं. भाऊजी अजून कबरीवरच्या संगमरवराचा विषय काढतात. मी त्यांना चहा देते आणि विषय बदलते. मी जिवंत आहे तोवर तिथे गवत उगवेल, आणि मी गेल्यावरही तेच उगवावं असं आशिषला सांगून ठेवलंय.

पेटी मागच्या खोलीतच आहे, पण आता भिंतीपासून लांब, दगडांवर उचलून ठेवलेली. दर रविवारी उपासना सुटली की मी तिच्यावर खोबरेल तेलाचं फडकं मारते, सगळ्या बायकांच्या देखत, आणि त्यांना हाक मारते, "या व, हात लावा. काई नाई होत." आधी कोणी येत नव्हतं. परवा एक येऊन नुसतं बोट लावून पळाली. येतील हळूहळू. शेवटी यायचंच आहे त्यांना.

तर मास्तर, निकाल असा. तुमच्यासोबत काहीच गेलं नाही. तुमचं खरं झालं. माझं कपाट गेलं आणि परत आलं, वाळवीचा कण न लागता. माझंही खरं झालं. तुम्ही म्हणाल, सुमन, शेवटी दिलंसच ना. मी दिलेलं नाही. माझ्या बापाच्या हातची वस्तू मी अख्ख्या मंडळीला वापरायला काढली, तीही जपून, तेलपाणी करून. याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. मी हरले असं मात्र म्हणायचं नाही.

एक दिवस मीही त्याच पेटीतून येईन. तिला कबरस्थानातून परत पाठवीन, पुढच्या माणसासाठी. साडी नाही, आरसा नाही, काही आणणार नाही. तुम्ही दवाखान्यात धरलेला आणि तरी न मोजलेला माझा हात तेवढा घेऊन येईन. तोवर तुमचे हात रिकामेच ठेवा.